अमेरिकेतल्या अणुवीज केंद्रात आउटेजचं काम: दारू आणि ड्रग चाचणीचे नियम नेमके कसे असतात?

पुणेरी टर्बाइन (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आमच्या कंपनीची काही माणसं आउटेजमध्ये, म्हणजे केंद्र देखभाल-दुरुस्तीसाठी बंद असताना, टर्बाइन-जनरेटरच्या कामासाठी इलिनॉयमधल्या एका अणुवीज केंद्रात सहा आठवडे जाणार आहेत. त्यात मीही आहे. शिफ्ट बारा तासांची, सकाळी ६ ते संध्याकाळी ६. एजन्सीनं पाठवलेल्या कागदांत "फिटनेस फॉर ड्युटी" (कामासाठीची योग्यता) नावाचं एक लांबलचक धोरण आहे. वाचलं, पण काही गोष्टी धड कळल्या नाहीत.

लघवीच्या चाचणीत नेमकं काय शोधतात? आमच्यात एकाला मधुमेह आहे, एकाचा खोकला जुना आहे, एक जण वैद्यांची औषधं घेतो. घरून फराळाचे डबे येणार हे वेगळं सांगायला नको. यातलं काही आड येतं का? ड्युटीच्या आधी ५ तास दारू नको असं लिहिलंय, म्हणजे रात्री १ पर्यंत चालते असं समजायचं का? सुट्टीच्या दिवशी अचानक बोलावलं तर? आणि चाचणीत कुणी सापडला तर ते प्रकरण किती लांब जातं? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं. ऐकीव माहिती भरपूर मिळाली आहे, ती नको.

---

रिएक्टरवाली

आधी मूळ नियम कुठला ते सांगते, कारण बरेच जण ट्रकचालकांचे नियम वाचून येतात आणि घोळ होतो. ते परिवहन खात्याचे नियम. अणुवीज केंद्रांना अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाचा, म्हणजे एनआरसीचा नियम लागू होतो: संघराज्य नियमसंहितेतलं दहावं शीर्षक, भाग २६. हा १९८९ मध्ये आला, २००८ मध्ये जवळजवळ नव्यानं लिहिला गेला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये ड्रग चाचणीचा भाग पुन्हा बदलला. त्यामुळे २०२२ च्या आधीच्या याद्या कुणी पाठवल्या तर त्यांवर विसंबू नका.

संरक्षित क्षेत्रात सोबतीशिवाय फिरण्याची परवानगी ज्याला हवी, त्या प्रत्येकाला हा नियम लागू. तुम्ही टर्बाइन हॉलमध्ये काम करणार, अणुभट्टीजवळ जाणारही नाही, तरी सुटका नाही. केंद्राचा कर्मचारी आणि कंत्राटदार यांत फरक केलेला नाही.

चाचण्या पाच प्रसंगी होतात. परवानगी मिळण्याआधी, अचानक सोडतीनं, संशय आल्यावर, म्हणजे तोंडाला वास, अडखळतं बोलणं, विचित्र वागणं, माणसाच्या चुकीमुळे गंभीर दुखापत किंवा तशी मोठी घटना घडल्यावर, आणि आधी नियम मोडून परत आलेल्यांची पाठपुराव्याची.

पहिली चाचणी परवानगी देण्याआधीच्या ३० दिवसांत झालेली असावी लागते. त्याच सुमारास तुमच्याकडून मागच्या पाच वर्षांचं स्वघोषणापत्र भरून घेतात: बेकायदा ड्रग घेतलं का, कुठे चाचणी नाकारली का, दारू किंवा ड्रगवरून पोलीस केस किंवा नोकरीत कारवाई झाली का. इथे भारतातली केसही लिहायची. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल पुण्यात दंड भरला असेल तर "तिकडे कुणाला कळणार" म्हणून गाळू नका. जुनी घटना सांगितली तर तिची छाननी होते. लपवली आणि नंतर उघड झाली तर प्रश्न त्या घटनेचा उरत नाही, तुमच्या विश्वासार्हतेचा होतो, आणि प्रवेशपरवानगीचा सगळा डोलारा त्यावरच उभा असतो.

सोडतीबद्दल गैरसमज खूप. वर्षभरात एकूण संख्येच्या किमान ५० टक्के इतक्या चाचण्या व्हायला हव्यात. याचा अर्थ प्रत्येकाचा नंबर दोन वर्षांतून एकदा येतो असा नाही. ज्याची चाचणी झाली त्याचं नाव लगेच परत सोडतीत जातं, त्यामुळे एका आउटेजमध्ये दोनदा नंबर लागलेली माणसं असतात. रात्रपाळी, शनिवार-रविवार, सणवार, काही वर्ज्य नाही. निरोप आला की हातातलं काम सुरक्षित स्थितीत ठेवून निघायचं. "एवढा बोल्ट टॉर्क करून येतो" म्हणत तासभर घालवू नका, कारण वेळेवर न पोचणं नकार म्हणून नोंदलं जाऊ शकतं.

आता खोलीत काय होतं. फोटो ओळखपत्र दाखवायचं. कोट, पिशवी बाहेर, खिसे रिकामे. हात धुवायचे, आणि ते धुतल्यावर नमुना देईपर्यंत परत नळाजवळ जायचं नाही. शौचालयाच्या टाकीत निळा रंग घातलेला असतो, नळ बंद केलेला असतो. हे सगळं पाणी मिसळता येऊ नये म्हणून. नमुना किमान ३० मिली लागतो. दुसऱ्या बाटलीसाठी वाटणी करायची असेल तर त्याहून थोडा जास्त. लघवी केल्यापासून ४ मिनिटांच्या आत गोळा करणारा तापमान बघतो. ते ३२ ते ३८ अंश सेल्सिअसच्या दरम्यान नसेल तर पुढचा नमुना कुणाच्या तरी थेट देखरेखीखाली द्यावा लागतो. देखरेख करणारी व्यक्ती तुमच्याच लिंगाची असते.

बाटली तुमच्या डोळ्यांसमोर सील होते, त्यावर तुमची आद्याक्षरं येतात. ते होईपर्यंत बाटलीवरून नजर हलवू नका. फॉर्मवरचा क्रमांक आणि बाटलीवरचा क्रमांक स्वतः जुळवून मगच सही करा. पुढे वाद झालाच तर या साखळीवरच तो उभा राहतो, म्हणून यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

लघवी झालीच नाही तर घाबरायचं कारण नाही. पहिल्या प्रयत्नानंतर ३ तासांपर्यंत थांबवतात, साधारण दर अर्ध्या तासाला २४० मिली पाणी देतात, एकूण ७१० मिलीच्या वर नाही. तरीही जमलं नाही तर डॉक्टरकडून तपासणी होते आणि खरंच वैद्यकीय कारण आहे का ते ठरतं. फक्त त्या खोलीतून उठून निघून जायचं नाही.

---

मात्रा

औषधं आणि खाण्याचं मी लिहितो.

किमान यादी अशी: गांजाचा चयापचयी घटक, कोकेनचा चयापचयी घटक, अफूवर्गीय (कोडीन, मॉर्फिन, हेरॉइनचा खास अवशेष, हायड्रोकोडोन, हायड्रोमॉर्फोन, ऑक्सिकोडोन, ऑक्सिमॉर्फोन), ॲम्फेटामिन गट (त्यात एक्स्टसीही आली), पीसीपी (भ्रम निर्माण करणारं एक ड्रग), आणि दारू. केंद्राला यात भर घालायची मुभा आहे. म्हणून झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्या, उदाहरणार्थ अल्प्राझोलाम, या किमान यादीत नसल्या तरी तुमच्या केंद्राच्या यादीत असू शकतात. धोरणातलं परिशिष्ट उघडून बघा.

चाचणी दोन टप्प्यांत होते. पहिला टप्पा चाळणीचा, स्वस्त आणि थोडा ढोबळ. त्यात ठरावीक मर्यादेच्या वर आलं तरच दुसरा टप्पा, मास स्पेक्ट्रोमीटरवर. गांजासाठी पहिल्या टप्प्याची मर्यादा मिलीमागे ५० नॅनोग्रॅम, दुसऱ्याची १५. चाळणीत दुसऱ्या औषधांमुळे चुकीचा इशारा येऊ शकतो. साध्या कफ सिरपमधलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन हे पीसीपीसाठी असं गोंधळ करणारं म्हणून माहीत आहे. पण दुसरा टप्पा रेणूच ओळखतो, तिथे हा गोंधळ टिकत नाही. तेव्हा मेटफॉर्मिन, रक्तदाबाची गोळी, पॅरासिटामॉल यांची काळजी सोडून द्या.

खोकल्याच्या औषधाची मात्र नीट काळजी घ्या. भारतात मिळणाऱ्या काही सिरपमध्ये कोडीन असतं. बाटलीच्या मागे बारीक अक्षरात "कोडीन फॉस्फेट" दिसलं तर ती बाटली घरीच ठेवा. कोडीनचा काही भाग शरीरात मॉर्फिन होतो, म्हणजे दोन्ही दिसतात. डॉक्टरांनी लिहून दिलेलं असेल आणि खरंच लागत असेल तर रुग्णाचं नाव, औषधाचं जेनेरिक नाव, डोस आणि तारीख असलेलं इंग्रजीतलं प्रिस्क्रिप्शन जवळ असू द्या. दुसऱ्याच्या नावाचं प्रिस्क्रिप्शन चालत नाही. खोलीतल्या मित्राची दुखण्यावरची गोळी घेतली आणि नमुन्यात ऑक्सिकोडोन आलं, तर व्यसनाचा पुरावा नसला तरी धोरणाचा भंग म्हणून त्याची नोंद होऊ शकते.

वैद्यांची औषधं हा सगळ्यात नाजूक भाग. बहुतेक निरुपद्रवी आहेत, पण कामिनी विद्रावण रसात अफू असते आणि काही पाचक व वाजीकर योगांत भांग असते. हे ग्रंथोक्त घटक आहेत, कुणी भेसळ केलेली नसते, त्यामुळे "आयुर्वेदिक आहे, काही होत नाही" हे वाक्य इथे कामाला येत नाही. घटकांत अहिफेन किंवा विजया असा शब्द असेल तर ते औषध जाण्याच्या बरंच आधी वैद्यांना विचारून बदलून घ्या. गांजावर्गीय घटक रोज घेणाऱ्याच्या लघवीत बंद केल्यावरही काही आठवडे दिसू शकतात. आठ दिवस आधी थांबवून भागेल असं धरू नका.

आसव-अरिष्टांची गोष्ट वेगळी. द्राक्षासव, दशमूलारिष्ट यांत किण्वनानं तयार झालेली दारूच असते, लेबलवर साधारण ५ ते १० टक्के लिहिलेली दिसते. चार चमच्यांनी रक्तातलं प्रमाण नगण्य वाढतं, पण तोंडात राहिलेला अंश फुंकरीच्या यंत्रात मोठा आकडा दाखवू शकतो. होमिओपॅथीच्या मदर टिंक्चरचं तेच, माउथवॉशचंही तेच. यासाठीच चाचणीआधी विचारतात की गेल्या १५ मिनिटांत काही खाल्लं-प्यायलं का, तोंडात काही टाकलं का, ढेकर आली का. होय असेल तर होय सांगा. १५ मिनिटं थांबवतात, एवढंच. बडीशेप, लवंग, तंबाखू, सुपारी, सगळं त्यात आलं.

मधुमेही सहकाऱ्यासाठी: श्वासातल्या ॲसिटोनला दारू समजलं जाईल ही भीती जुनी आहे. निकालासाठी वापरायची यंत्रं अमेरिकेच्या मान्यताप्राप्त यादीतली असतात, आणि त्या यादीत येण्याआधी ॲसिटोनची परीक्षा झालेली असते.

आता फराळ. खसखस. अनारशाची एक अख्खी बाजू खसखशीची असते, आणि खसखशीच्या दाण्यावर अफूच्या बोंडातल्या चिकाचा अंश खरोखर राहतो. दाणा किती धुतला, किती भाजला यावर मॉर्फिन किती उरतं ते ठरतं, आणि एका खेपेची खसखस दुसरीसारखी नसते. मॉर्फिनची मर्यादा पूर्वी ३०० नॅनोग्रॅम होती, अशाच खाण्यातल्या प्रकरणांमुळे ती २००० केली गेली. दोन अनारशांनी ती ओलांडली जाणं अवघड आहे. पण वाटीभर खसखशीची खीर किंवा बंगाली पद्धतीचं पोस्तो खाऊन दुसऱ्या दिवशी नंबर लागला, तर २००० च्या वर जाणं शक्य आहे.

गेलंच तर नियमात सोय आहे. कोडीन किंवा मॉर्फिन १५,००० च्या खाली असेल आणि हेरॉइनचा अवशेष नसेल, तर केवळ आकड्यावरून दोषी ठरवत नाहीत; डॉक्टरला गैरवापराची प्रत्यक्ष वैद्यकीय लक्षणंही सापडावी लागतात. १५,००० च्या वर मात्र "मी खसखस खाल्ली" हे स्पष्टीकरण म्हणून चालत नाही. हेम्पचे (गांजाच्याच जातीच्या झाडाचे) पदार्थ आणि कोकाच्या पानांचा चहा यांचीही सबब नियमानंच बाद केली आहे. माझं मत विचाराल तर सहा आठवडे खसखस नसलेला फराळ मागवा. शंकरपाळे आणि चकलीवर कुणी प्रश्न विचारणार नाही.

---

हिंजवडीकर

एक सोपा उपाय: सकाळी दोन-तीन लिटर पाणी पिऊन जायचं. नमुना पातळ होतो, काही असलं तरी मर्यादेच्या खाली जातं. बऱ्याच ठिकाणी वाचलंय.

---

मात्रा

@हिंजवडीकर, हा सल्ला इथे फार महागात पडेल, म्हणून स्पष्ट लिहितो.

प्रत्येक नमुन्याचं क्रिएटिनिन (लघवीत नेहमी असणारा एक टाकाऊ घटक) तपासतात. ते डेसिलिटरला २० मिलिग्रॅमच्या खाली गेलं की विशिष्ट गुरुत्व, म्हणजे पाण्याच्या तुलनेतली घनता, बघतात. क्रिएटिनिन २ ते २० च्या मधे आणि गुरुत्व १.००१० ते १.००३० च्या मधे असेल तर नमुना "पातळ" ठरतो. एनआरसीच्या नियमाची खासियत पुढे आहे: पातळ नमुन्यात चाळणीचा प्रतिसाद मर्यादेच्या खाली असला, पण दखल घेण्याइतका असला, तर प्रयोगशाळा तो नेहमीच्या मर्यादेला न थांबता उपकरणाला मोजता येईल तिथपर्यंत खाली जाऊन तपासते. म्हणजे पाणी पिऊन तुम्ही स्वतःसाठी जास्त कडक चाचणी मागवून घेता.

क्रिएटिनिन २ च्याही खाली आणि गुरुत्व १.००१० किंवा कमी आलं तर तो नमुना मानवी लघवीचा मानलाच जात नाही, "बदललेला" ठरतो. बदललेला किंवा काही मिसळलेला नमुना म्हणजे चाचणीला बगल देण्याचा प्रयत्न, आणि त्याची शिक्षा पॉझिटिव्ह येण्यापेक्षा कितीतरी मोठी आहे. ज्याच्या नमुन्यात काहीच सापडलं नसतं तो माणूसही या मार्गानं कायमचा बाहेर जाऊ शकतो.

तहान लागेल तेवढं पाणी प्या. टर्बाइन हॉलमध्ये उकडतं, ते प्यायलाच हवं. चाचणीसाठी म्हणून वेगळं पिऊ नका.

---

पुणेरी टर्बाइन

दोघांचेही मनापासून आभार. पाण्याचा सल्ला आमच्या ग्रुपवरही फिरत होता, आजच सगळ्यांना कळवतो. आता दारूचे ५ तास आणि शिक्षा, एवढं कुणी सांगेल का? आणि इलिनॉयमध्ये गांजा दुकानात मिळतो म्हणे, मग त्याची चाचणी कशी काय?

---

इलिनॉयवासी

शेवटचं आधी. राज्याच्या कायद्यानं विकत मिळतो, हे खरं. पण हा नियम संघराज्याचा आहे, आणि त्यात साफ लिहिलंय की राज्यानं परवानगी दिली आहे किंवा डॉक्टरनं सुचवलंय हे गांजासाठी वैध कारण धरता येणार नाही. पेट्रोल पंपावर मिळणाऱ्या रंगीत गमी, सीबीडीचं (गांजाच्याच झाडातल्या, नशा न आणणाऱ्या घटकाचं) तेल, डेल्टा-८ (गांजावर्गीयच घटक) लिहिलेल्या पुड्या, यांतल्या कशालाच हात लावू नका. सीबीडीच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या मालात टीएचसी (गांजातला नशेचा घटक) लेबलपेक्षा जास्त असू शकतं, आणि चाचणीला तुमचा हेतू दिसत नाही. नवख्या माणसाची चूक बहुतेक इथेच होते, कारण वस्तू चॉकलेटच्या शेजारी मांडलेली असते.

आता ५ तास. नियम म्हणतो, ठरलेल्या पाळीच्या आधी किमान ५ तास दारू नको, आणि पाळी संपेपर्यंत नको. पण ५ तास पाळले म्हणजे तुम्ही कामाला योग्य झालात असं नियम कुठेच म्हणत नाही. उलट धोरणात हे लिहिणंच बंधनकारक आहे की एवढे तास पुरतीलच असं नाही.

हिशेब मांडून दाखवतो. ७० किलोचा पुरुष, ४० टक्के दारूचे ६० मिलीचे चार पेग, रात्री १० ते १. एका पेगात सुमारे १९ ग्रॅम अल्कोहोल, चारांत ७६. शरीरातल्या पाण्यात पसरून ते रक्तात साधारण ०.१६ टक्के होतं, आणि यकृत ताशी सरासरी ०.०१५ नं ते उतरवतं. पहिल्या पेगापासून सकाळी ६ पर्यंत ८ तास, म्हणजे ०.१२ उतरलं. उरलं ०.०४ च्या आसपास, म्हणजे बरोबर पॉझिटिव्हच्या उंबऱ्यावर. ज्याचं यकृत ताशी ०.०१० नंच उतरवतं त्याच्यात ०.०८ उरेल. पाच तास दोघांनीही पाळलेत. लक्षात घ्या की अमेरिकेतल्या तक्त्यांमध्ये "एक ड्रिंक" म्हणजे १४ ग्रॅम अल्कोहोल, आपला ६० मिलीचा पेग त्याच्या सव्वा ते दीडपट. तक्ता वाचून पेग मोजले की तिथेच हिशेब चुकतो.

पॉझिटिव्हची पट्टी अशी आहे. ०.०४ किंवा जास्त, तर केव्हाही पॉझिटिव्ह. कामावर येऊन किमान १ तास झाला असेल तर ०.०३ ला पॉझिटिव्ह. २ तास झाले असतील तर ०.०२ ला. हे आकडे वरवर विचित्र दिसतात, पण ताशी ०.०१५ धरून मागे मोजा: २ तासांनी ०.०२ म्हणजे आल्या वेळी ०.०५, १ तासानं ०.०३ म्हणजे आल्या वेळी ०.०४५. सगळे आकडे एकच विचारतात, फाटकातून आत आलात तेव्हा ०.०४ च्या वर होतात का. त्यामुळे "नंबर दुपारी लागू दे, तोवर उतरेल" या आशेत अर्थ नाही. ३ तासांनंतर ०.०१ ते ०.०२ च्या मधे सापडलात तर निकाल निगेटिव्हच लिहितात, पण कामावरून बाजूला करतात आणि योग्यतेची तपासणी झाल्याशिवाय परत घेत नाहीत.

पहिली फुंकर ०.०२ च्या खाली असेल तर सहसा तिथेच काम संपतं. ०.०२ किंवा वर असेल तर निकालासाठी दुसरी फुंकर, पहिलीनंतर ३० मिनिटांच्या आत. दुसरीच्या आधी यंत्रातून मोकळी हवा सोडून ०.०० दाखवतात. तो आकडा स्वतःच्या डोळ्यांनी बघून घ्या.

सुट्टीत अचानक बोलावणं आलं तर हा भाग माणुसकीचा आहे, आणि तो लोकांना माहीतच नसतो. पाळी ठरलेली नव्हती, तुम्ही घरी दोन बिअर घेतल्या होत्या, फोन आला. फोनवरच सांगायचं: मी गेल्या ५ तासांत प्यायलो आहे. त्याबद्दल शिक्षा करता येत नाही, असं नियमात आहे. ते तुम्हाला बोलावणार नाहीत, किंवा अगदीच गरज असेल तर योग्यता तपासून मगच काम देतील. न सांगता गेलात आणि सापडलात, तर ही ढाल हातातून गेली.

शिक्षेची उतरंड:

पहिल्यांदा पॉझिटिव्ह (दारू असो वा ड्रग): प्रवेशपरवानगी तत्काळ रद्द, किमान १४ दिवस. १५ व्या दिवशी परत आत असं मात्र समजू नका. व्यसन-तज्ज्ञाकडून योग्यता ठरवून घ्यावी लागते, उपचार सांगितले तर ते करावे लागतात, नंतर पाठपुराव्याच्या चाचण्या. सहा आठवड्यांच्या आउटेजसाठी आलेल्या माणसाचं काम तिथेच संपलेलं असतं.

दुसऱ्यांदा: किमान ५ वर्षं. संरक्षित क्षेत्राच्या आत ड्रग घेणं, बाळगणं, विकणं किंवा दारू पिणं: पहिल्याच वेळी किमान ५ वर्षं. कारवाई होण्याआधी राजीनामा देऊन निघून गेलात तरी ५ वर्षं. त्यानंतर पुन्हा भंग झाला तर कायमची बंदी.

चाचणी नाकारणं, नमुना बदलणं, काही मिसळणं: पहिल्याच वेळी कायमची बंदी.

आणि ही बंदी त्या एका केंद्रापुरती राहत नाही. देशातली केंद्रं एकाच माहितीसाठ्यातून प्रवेशपरवानगीची माहिती बघतात. इलिनॉयमध्ये नाकारलेला माणूस टेक्सासला नव्यानं अर्ज करून आत जाऊ शकत नाही. केंद्राला यापेक्षा कडक शिक्षा ठेवायचीही मुभा आहे, म्हणून तुमच्या धोरणातले आकडे याहून मोठे दिसले तर तेच खरे धरा.

---

रिएक्टरवाली

इलिनॉयवासींनी चोख लिहिलंय. दोन गोष्टी जोडते.

एक, वागणुकीवर लक्ष ठेवणं हे फक्त सुपरवायझरचं काम नाही. आत जाण्याआधीच्या प्रशिक्षणात हे शिकवतात, शेवटी परीक्षा असते आणि उत्तीर्ण व्हायला किमान ८० टक्के लागतात. शेजारच्या सहकाऱ्याच्या तोंडाला वास येतोय आणि तुम्ही गप्प बसलात, तर तुम्हीही नियम मोडलात. आपल्याकडे "जाऊ दे, त्याच्या पोटावर कशाला पाय" ही वृत्ती असते. पण तो माणूस क्रेनखाली उभा राहून रोटर उचलायचे इशारे देणार आहे.

दोन, थकवा. भाग २६ मध्येच तोही येतो. नियमानं ठरवून दिलेली ठरावीक कामं करणाऱ्यांना २४ तासांत १६, ४८ तासांत २६ आणि ७ दिवसांत ७२ तासांची मर्यादा आहे. टर्बाइनच्या प्रत्येक कामाला हे आकडे लागू होतातच असं नाही, तुमच्या कामाचं वर्गीकरण केंद्राला विचारा. पण मी झोपेनं कोसळतोय हे सांगण्याचा हक्क आत काम करणाऱ्या प्रत्येकाला आहे.

---

पुणेरी टर्बाइन

शेवटचा प्रश्न. समजा प्रयोगशाळेत पॉझिटिव्ह आलं आणि माणूस निर्दोष आहे. आधी केंद्राला कळतं का त्याला? आणि नमुना देतानाच चालू औषधांची यादी द्यावी का?

---

मात्रा

नमुना गोळा करणाऱ्याला औषधांची यादी द्यायची नसते, आणि तो मागूही शकत नाही. मात्र गुंगी आणणारं किंवा लक्ष विचलित करणारं औषध चालू असेल तर ते केंद्राच्या वैद्यकीय विभागाला आधी कळवावं असं बहुतेक धोरणांत असतं. ते वेगळं कलम, चाचणीशी त्याची गल्लत करू नका.

प्रयोगशाळेचा निकाल थेट तुमच्या वरिष्ठांकडे जात नाही. तो वैद्यकीय परीक्षण अधिकाऱ्याकडे जातो, सगळे त्याला एमआरओ म्हणतात. तो परवानाधारक डॉक्टर असतो. भंग जाहीर करण्याआधी त्याला तुमच्याशी बोलण्याची संधी द्यावीच लागते. प्रिस्क्रिप्शन, फार्मसीची पावती, डॉक्टरचा नंबर, जे आहे ते त्याला द्यायचं. एमआरओला फोन करा असा निरोप मिळाल्यावर कामाचा एक दिवस उलटून गेला आणि तुम्ही फोन केला नाही, तर तुमचं म्हणणं न ऐकता निकाल देता येतो. साइटवर मोबाइल लॉकरमध्ये असतो, त्यामुळे अनोळखी अमेरिकन नंबरचे मिस्ड कॉल सुटतात. एजन्सीच्या फॉर्मवर चालू असलेला अमेरिकन नंबर द्या, पुण्याचा देऊ नका, आणि पाळी संपल्यावर व्हॉइसमेल तपासा.

ॲम्फेटामिनचा प्रश्न आला तर एमआरओ रेणूचा डावा-उजवा प्रकार वेगळा करून मागू शकतो. अमेरिकेतल्या नाक मोकळं करणाऱ्या काही इन्हेलरमध्ये डावा मेथॲम्फेटामिन असतो, तो नशेचा नव्हे. म्हणून असा इन्हेलर वापरत असाल तर त्याचं खोकं फेकू नका.

नमुन्याची दुसरी बाटली, बाटली ब, सील करून ठेवलेली असेल तर ती दुसऱ्या प्रमाणित प्रयोगशाळेत तपासा अशी मागणी करता येते. मुदत एमआरओनं कळवल्यापासून कामाचे ३ दिवस. मागणी तुम्हीच करायची, तुमच्या वतीनं कंपनी किंवा केंद्र ती करू शकत नाही. भंग ठरल्यानंतरही निष्पक्ष फेरतपासणी मागण्याचा हक्क आहे, त्याची पद्धत धोरणाच्या शेवटी दिलेली असते. कागद हातात आहेत तोवर ते पान शोधून फोटो काढून ठेवा, सगळ्यांच्या फोनमध्ये.